लेथच्या पाठीवरची टिंबं

आमच्या विद्यापीठाचा इतिहास मी लिहिला आहे. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई, संस्थापक दादासाहेबांचे एकोणीस फोटो आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'संकलन' या शब्दापुढं माझं नाव. त्यात रज्जाक इनामदार हे नाव कुठंही सापडणार नाही. आधी त्यांच्यावर चार ओळी होत्या. मग एक उरली. मग कुलसचिवांनी तिच्यापुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं आणि मी काही न विचारता ती ओळही काढून टाकली. माझ्यासारख्या नोकरदार बाईला अशी प्रश्नचिन्हं बरोबर वाचता येतात.

रज्जाक इनामदारांना सगळे वस्ताद म्हणत. हुद्दा वर्कशॉप इन्स्ट्रक्टर. डिग्री नव्हती, त्यामुळं 'सर' म्हणवून घ्यायचा हक्क त्यांना कागदोपत्री नव्हता आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. निघोजे गावातल्या जुन्या घराण्यातला माणूस. उमेदीची वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून गेली. तो कारखाना बंद पडला, तेव्हा लिलावातलं एक लेथ, म्हणजे धातू कापायचं फिरतं यंत्र, दादासाहेबांनी घेतलं. दादासाहेब त्या वेळी कंपन्यांना कामगार पुरवायचे. संस्थापक, कुलपती वगैरे सगळं नंतरचं. लेथबरोबर लेथ चालवणारा माणूसही आपण उचलला, असं ते पुढं भाषणात गमतीनं सांगत. समोर बसलेले वस्ताद त्यावर हसत नसत.

त्या लेथवर, चिंचवडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, कामगारांसाठी संध्याकाळची बॅच सुरू झाली. पहिली पाळी संपवून माणसं यायची. कुणी बीडचा, कुणी परभणीचा, कुणी चिपळूणकडचा. डबा धुतलेला, डोळे तांबारलेले. सहा ते आठ या वेळात वस्ताद त्यांना धातू कापायला शिकवत. विद्यापीठाचा उगम विचाराल तर तो एवढाच. माझ्या पुस्तकात मात्र तो 'दादासाहेबांच्या दूरदृष्टीत' आहे.

मी ग्रंथपाल म्हणून लागले तोवर शेडच्या शेजारी तीन मजली इमारत उभी राहिली होती. पहिल्याच आठवड्यात वस्ताद वाचनालयात आले. पुस्तकाकडं त्यांनी पाहिलंही नाही. एका कपाटासमोर उभं राहून, मान जरा तिरकी करून म्हणाले, "ताई, हे कपाट दोन सूत कललंय."

"पुस्तकं तर पडत नाहीत," मी म्हणाले.

"न्हाई पडत. पर ती दिसभर पाय रोवून हुबी ऱ्हात्यात ना."

मग खिशातून नातीचं जुनं टोपडं काढलं. टोपड्यात स्पिरिट लेव्हल होती, ती काचेच्या नळीतल्या बुडबुड्याची पट्टी. ती फळीवर ठेवली, कपाटाच्या पायाखाली पत्र्याची एक चकती सरकवली, पुन्हा पाहिलं, आणि बुडबुडा मधोमध आल्यावर निघून गेले. ते कपाट अजून माझ्याकडं आहे. बाकीची कललेली आहेत.

त्यांचं बोलणंही त्या बुडबुड्याभोवतीच फिरे. पोरगं लेथ चालू करायला हात पुढं करी, तर हे विचारत, "बुडबुडा कुटं हाय?" कुणाचं घरी भांडण झालं, कुणाची बदली झाली, कुणी आजारपणातून उठून कामावर आला, की त्याच्या खांद्यावर हात टाकून तोच प्रश्न, "काय राव, बुडबुडा मधी आला का?" माझे यजमान दवाखान्यात होते तेव्हा चौकशीला सगळा स्टाफ आला, सगळ्यांनी फळं आणली. वस्तादांनी फळं आणली नाहीत. कॉटच्या एका पायाखाली चकती सरकवली आणि म्हणाले, "आता हालायची न्हाई." त्या रात्री यजमानांना झोप लागली, हे मी कबूल केलंच पाहिजे.

लेथजवळ हातात कडं, घड्याळ, दोरा, काही चालत नसे. एकदा दादासाहेब पाहुणे घेऊन आले. लेथवर हात ठेवून फोटो काढायचा होता. दादासाहेबांच्या मनगटात सोन्याचं जाडजूड ब्रेसलेट. वस्तादांनी तळहात पुढं केला. "काढा साहेब."

"अहो, मशीन बंदच आहे."

"बंद हाय म्हणून काढा. चालू असतं तर म्या बोलाय थांबलो नसतो."

पाहुणे हसले, दादासाहेबही हसले, आणि त्यांनी ब्रेसलेट काढून दिलं. तो फोटो माझ्या पुस्तकात चौथ्या पानावर आहे. दादासाहेबांचं रिकामं मनगट त्यात स्पष्ट दिसतं. ब्रेसलेट धरून उभा असलेला माणूस छापताना कापला आहे.

पुढं संस्था फोफावली. निघोज्याला एमआयडीसीच्या कडेला मोठं इंजिनिअरिंग कॉलेज झालं आणि मारुंजीला, आयटीवाल्यांच्या भाड्याच्या इमारतींमध्ये, मॅनेजमेंटचं आणि कॉम्प्युटरचं. त्याच सुमारास दादासाहेब संस्थाचालकांच्या एका सहलीबरोबर परदेशी जाऊन आले. तिथं त्यांनी समुद्रातल्या बेटांवर पसरलेलं एक विद्यापीठ पाहिलं. एका बेटावर शेती शिकवतात, दुसऱ्यावर वैद्यकी, तिसऱ्यावर कायदा आणि मधे नुसतं पाणी. दादासाहेबांना ती कल्पना फारच आवडली. आल्या आल्या त्यांनी सगळ्या स्टाफची सभा घेतली. "आपलीही तीन बेटं आहेत," ते म्हणाले. "चिंचवड, निघोजे, मारुंजी. मधे पवना आहे, इंद्रायणी आहे. उद्या आपलं विद्यापीठ होणार. बेटांचं विद्यापीठ!"

टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतून वस्तादांनी हात वर केला. "साहेब, तिथं बोटीतनं कोन जातं? मास्तर जातो का पोरं?"

"मास्तर जातात. विद्यार्थी आपापल्या बेटावरच शिकतात. हेच तर त्यातलं मोठेपण!"

"मंग ब्येस हाय," वस्ताद म्हणाले आणि खाली बसले.

तेव्हापासून आमच्याकडं बेट हा शब्द रुळला. 'मी आज बेट दोनला आहे', 'बेट तीनचं वाय-फाय बंद आहे' असं लोक सहज बोलत. फक्त आमच्या बोटीतून मास्तर जात नसत. आमच्या बोटीतून लेथ जाई.

हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. कॉलेजला नवा अभ्यासक्रम हवा असला, जागा वाढवून हव्या असल्या, की तपासणी समिती येते. प्रत्येक ठिकाणी इतकी यंत्रं, इतकी पुस्तकं, इतकी माणसं हवीत असा नियम असतो. आमच्याकडं तिन्ही बेटांची मिळून जेमतेम एका बेटाची सामग्री होती. समिती एका दिवशी एकच बेट पाहते. दुपारी चार वाजता साहेब मंडळी हॉटेलवर गेली, की इकडं चेनपुली लागे, लेथ टेम्पोत चढे आणि चाकणच्या रहदारीत खोळंबत दुसऱ्या बेटावर पोचे. मागोमाग माझी पुस्तकं, पत्र्याच्या ट्रंकांतून. लेथवरची पाटी बदलायची. माझ्याकडं तीन रबरी शिक्के होते, तीन नोंदवह्या होत्या. एकेका पुस्तकावर तीन बेटांचे तीन शिक्के. हे सगळं मी नीटनेटकं करत असे, आणि त्याबद्दल मला एकदा उत्कृष्ट कर्मचारी म्हणून शाल मिळाली आहे.

मी एकदा वस्तादांना विचारलं होतं, तुम्ही हे का करता? तुमच्यासारख्या माणसाला हे पटतं?

त्यांनी भालेरावकडं बोट दाखवलं. भालेराव हा संध्याकाळच्या बॅचमधला, बीडकडचा, एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, कंत्राटी. हातानं इतका चोख, की वस्ताद आपले जॉब, म्हणजे कापलेले भाग, त्याला तपासायला देत. पण कंपनीत कायम व्हायचं तर डिप्लोमा हवा. आमच्या संध्याकाळच्या बॅचच्या कागदाला बाहेर कुणी विचारत नसे. दादासाहेबांनी वस्तादांना शब्द दिला होता, विद्यापीठाचा शिक्का मिळाला की पहिला डिप्लोमा संध्याकाळच्या बॅचला.

"सर, माझं वय निघून चाललंय," भालेराव म्हणायचा. "पुढच्या साली कंपनीत जागा निघनार हायत म्हणं. तवर व्हईल का?"

"व्हतंय. धीर धर," वस्ताद म्हणत. तेवढ्यासाठी हा माणूस स्वतःच्या हातानं लेथ उपटून टेम्पोत चढवत होता.

उपटून म्हणते, कारण लेथ हलवलं की ते बिघडतं. जमिनीवर नीट समपातळीत बसवलं नाही तर ते वाकडं कापतं. दादासाहेबांचं म्हणणं सरळ होतं, समितीपुढं कुणी जॉब कापून दाखवत नाही, नुसतं ठेवा. वस्तादांना नुसतं ठेवता येत नसे. प्रत्येक बेटावर पोचल्यावर ते टोपड्यातली पट्टी काढत, चारी पायांखाली चकत्या घालत आणि पुन्हा बघत. पहाटेची अजान कानावर यायची तेव्हाही कधी कधी लेथचा एक पाय बसायचा राहिलेला असे. बुडबुडा मधोमध आला, की लेथच्या बेडच्या, म्हणजे लांब लोखंडी बैठकीच्या, मागच्या बाजूला, भिंतीकडं, ते पंच, म्हणजे टोकदार पोलादी खिळा, ठेवून हातोडीचा एक टोला देत. मोहरीएवढं टिंब उठे. वरची ओळ चिंचवडची, मधली निघोज्याची, खालची मारुंजीची.

"हे कशाला?" मी विचारलं होतं.

"नोंद नको व्हय?" ते म्हणाले. मला वाटलं ते माझ्या नोंदवह्यांना टोमणा मारताहेत. तसं नव्हतं. टोमणे मारायचा स्वभावच नव्हता त्यांचा. मशीन बसवलं की नोंद करायची, एवढंच त्यांना कारखान्यात शिकवलं होतं.

विद्यापीठाचा शिक्का देणारी मोठी समिती आली तेव्हा पहिला दिवस चिंचवडचा, दुसरा निघोज्याचा. दुसऱ्या दिवशी समितीतले एक निवृत्त गृहस्थ, मोठ्या कारखान्यात आयुष्य काढलेले, घोळक्यातून मागं राहिले आणि लेथपाशी थांबले. त्यांनी बेडवरून हात फिरवला. हात मागच्या बाजूला गेला आणि थांबला. चष्मा काढून ते वाकले.

"ही टिंबं कसली?"

दादासाहेब म्हणाले, "जुनं मशीन आहे साहेब. वारसा म्हणून जपलंय."

गृहस्थ वस्तादांकडं पाहत होते. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. वस्तादांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते भय नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी ती नोंद वाचली होती आणि कामातला माणूस कामाबद्दल विचारत होता. अशा माणसाला खोटं सांगणं त्यांना जमलं नाही.

"साहेब, लेव्हल केलं की एक टिंब," ते म्हणाले. "ही वळ चिंचवडची. ही हितली. एकतीस बाऱ्या हाललंय. काल तुमी चिंचवडला पाह्यलं ते हेच. उद्या मारुंजीला दिसंल ते बी हेच."

दादासाहेबांच्या मानेवर घाम आलेला मला दिसला. यानंतर माझ्या पुस्तकांची पाळी होती.

त्या गृहस्थांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि घड्याळात पाहिलं. "देखभाल उत्तम आहे," ते दादासाहेबांना म्हणाले. "जेवणाची व्यवस्था इथंच आहे ना?"

बस. एवढंच. जेवणानंतर त्यांनी मला विचारलं, इथली पुस्तकं कायम इथंच असतात? मी म्हणाले, हो सर. त्यांनी मान डोलावली. खरं आणि खोटं दोन्ही त्यांनी सारख्याच मानेनं ऐकून घेतलं. विद्यापीठाचा शिक्का मिळाला. अहवालात यंत्रांच्या देखभालीचं खास कौतुक होतं. ते वाक्य मी इतिहासात अवतरणात घेतलं आहे.

शिक्का मिळाल्यावर महिन्याभरात संध्याकाळची बॅच बंद झाली. दादासाहेबांनी वस्तादांना केबिनमध्ये बोलावलं, दार उघडं ठेवून. "तुम्ही संस्थेच्या मुळावर उठलात वस्ताद. तुमच्या एका वाक्यानं सगळं बुडालं असतं. आता कुठल्या तोंडानं व्यवस्थापनापुढं तुमच्या बॅचचा डिप्लोमा मांडू? तुम्हीच सांगा." वस्ताद केबिनमधून शेडकडं गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्यांना नोकरीची दरवर्षीची मुदतवाढही मिळाली नाही.

मी त्यांना शेडमध्ये भेटायला गेले. भालेराव तिथं होता. वस्ताद त्याला सांगत होते, "माझ्या तोंडापायी झालं हे. म्या गप बसलो असतो तर तुझा कागद झाला असता. मला माफ कर, भावा."

भालेराव म्हणाला, "असं नका बोलू सर. तुमी खरं तेच बोललाव."

"खरं बोलाय जागा कळाय पायजे. मला न्हाई कळली."

आता जे लिहिते आहे ते लिहिण्यासाठीच खरं तर बसले. बॅच वस्तादांच्या तोंडामुळं बंद झाली नव्हती. समिती येण्याच्या दोन महिने आधी माझ्या टेबलावर माहितीपुस्तकाची मुद्रितं आली होती. त्यात बेट एकचा नवा नकाशा होता. शेडच्या जागी बारा मजली इमारत, खाली दुकानं, वर वसतिगृह. वर्कशॉपचं नाव नव्हतं, संध्याकाळच्या बॅचचं नाव नव्हतं. मी ती मुद्रितं तपासली, दोन ठिकाणी स्वल्पविराम टाकले आणि परत पाठवली. वस्ताद गप्प बसले असते तरी बॅच जाणारच होती. दादासाहेबांना फक्त एक कारण हवं होतं, ते वस्तादांनी आयतं पुरवलं.

हे मी त्या दिवशी शेडमध्ये सांगू शकले असते. दोन वाक्यांचं काम. भालेराव समोर होता, दोघांचाही जीव जरा हलका झाला असता. पण मग वस्ताद जाब विचारायला दादासाहेबांकडं गेले असते, नकाशाचं कुठून कळलं हे विचारलं गेलं असतं आणि माझी नोकरीची वर्षं अजून उरली होती. मी म्हणाले, "तब्येतीला जपा वस्ताद." ते म्हणाले, "व्हय ताई." आणि मी बसस्टॉपवर आले. एवढी नीच मी आधी नव्हते असं म्हणायला आवडलं असतं. पण तीन शिक्के हातात धरून मी वर्षानुवर्षं त्याचाच सराव करत होते.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले.

निघोज्याच्या मुख्य फाटकात आता एक चबुतरा आहे. त्यावर ते लेथ बसवलंय. चकचकीत निळा रंग दिलाय, खाली संगमरवरी पाटी, 'श्रमाला वंदन'. गेल्या वर्षी त्याचं अनावरण झालं, त्याच समारंभात माझा इतिहासही प्रकाशित झाला. माझं वाचनालयही आता तिथंच, फाटकासमोर आहे. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या खिडकीत उभी होते. मांडव उतरवणं चाललं होतं. फाटकातून वस्ताद आत आले. खाकी शर्ट तोच, खांदे अजून जरा पुढं आलेले. गावातलेच असल्यानं चालत आले असावेत.

फाटकावरचा गार्ड लगबगीनं आडवा गेला आणि मधेच थबकला. तो भालेराव होता. प्रेस शॉपमधलं कंत्राट संपल्यावर त्याला सिक्युरिटी एजन्सीनं इथं लावलंय, आमच्याच विद्यापीठाच्या दारात. रोज सकाळी मी त्याला ओळखपत्र दाखवते, तो मान खाली घालून सही घेतो. आम्ही कधी एकमेकांशी बोललो नाही.

चबुतऱ्याला साखळी आहे, आत जायची मनाई आहे. भालेराव काहीतरी बोलला. वस्ताद काहीतरी बोलले. मग भालेरावनं साखळीचा आकडा काढला आणि चबुतऱ्याकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून, ताठ उभा राहिला.

वस्तादांनी टोपडं काढलं. पट्टी बेडवर ठेवली. वाकून पाहिलं. दुसऱ्या टोकाला ठेवली, पुन्हा पाहिलं. मग चबुतऱ्यावर गुडघे टेकून लेथच्या पायाखाली बोटं घालायचा प्रयत्न केला. पाय सिमेंटमध्ये पक्के गाडलेले आहेत, तिथं चकती जायला जागा नाही. तरी त्यांनी चारी पाय तपासले. तेवढ्या वेळात मी खाली जाऊ शकले असते. जिना वीस पायऱ्यांचा आहे. नकाशाची ती दोन वाक्यं माझ्या तोंडात तयार होती, इतकी वर्षं तयारच आहेत. मी खिडकीचा गज धरून उभी राहिले.

ते उठून मागच्या बाजूला गेले. रंगाच्या जाड थराखाली टिंबं बुजली असणार, कारण बराच वेळ ते नुसती बोटं फिरवत होते. मग शर्टाच्या खिशातून पंच काढला, पाठीमागच्या खिशातून छोटी हातोडी. मला वाटलं, आता आणखी एक टिंब उठणार. पंच त्यांनी टेकवलाही.

मग पंच काढून घेतला आणि परत खिशात टाकला. बुडबुडा मधोमध आलेला नव्हता. पट्टी टोपड्यात गुंडाळून ते खाली उतरले, भालेरावच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला, नेहमीचा प्रश्न न विचारता, आणि फाटकाबाहेर गेले. भालेरावनं साखळी परत लावली.